मंडळीच्या खजिनदाराने सरपंचपदासाठी उभे राहावे का?

प्रश्न (नवापूर तालुका)

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा मी सहा वर्षांपासून खजिनदार आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसांचे रेशनचे आणि वनहक्क दाव्यांचे कागद घेऊन तालुक्याला चकरा मारणारा मीच असल्यामुळे या वेळी सरपंचपदासाठी अर्ज भरावा, असा तरुणांचा आग्रह आहे. मंडळीतील वडीलजनांना (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना) ते मान्य नाही. ‘कैसराचे (रोमी सम्राटाचे) ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ असे सांगून प्रभू येशूने या दोन वाटा कायमच्या वेगळ्या केल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातच, ख्रिस्ती माणसाला आदिवासी राखीव जागेवर उभेच राहता येत नाही, असे कोणीतरी गावभर पसरवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (धुळे, निवृत्त शिक्षक)

भाऊ, ते वचन ज्या प्रसंगी उच्चारले गेले तो प्रसंग आधी पाहावा. कर द्यावा की नाही, या प्रश्नात येशूला अडकवण्याचा तो डाव होता आणि त्याने नाण्यावर मुखवटा (चेहरा) कोणाचा आहे एवढेच विचारले. नाण्यावर कैसराचा ठसा असेल, तर माणसावर देवाचा आहे, असे बायबलातील उत्पत्तीचे पुस्तक सांगते. म्हणजे कैसराला नाणे मिळाले, माणूस नव्हे. गावाचा कारभार वाऱ्यावर सोडावा, असा अर्थ त्यातून निघत नाही. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदी होऊन गेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले, तेही ज्या नगरात राहता त्याचे कल्याण पाहा, असेच. आपल्या देशात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे निष्ठावान ख्रिस्ती होते. त्यांनी ग्रामोद्योगाच्या कामाला आयुष्य वाहिले, तुरुंग सोसला आणि तेथे येशूच्या शिकवणुकीवर लेखनही केले. त्यांच्या श्रद्धेला राजकारणाचा विटाळ झाला, असे कोणी म्हणत नाही.

माझी शंका आहे ती खजिनदारपदाविषयी. निवडणूक जवळ आली की प्रार्थनागृहाच्या छपरासाठी पत्रे देणारे दाते उगवतात (आमच्याकडे हे पत्रे दर पाच वर्षांनी येतात) आणि पुढे मंडळीची मते गठ्ठ्याने मोजली जातात. हिशेबाची वही आणि उमेदवारी एकाच हातात असेल, तर हात स्वच्छ असूनही कोणी विश्वास ठेवणार नाही.

उत्तर २ (जळगाव, वकील)

गावातील अफवा निराधार आहे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. धर्मांतरामुळे जमातीचा दर्जा आपोआप जात नाही. ही अट जमातींनाही लावावी, अशी मागणी काही जण करतात, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. जमातीच्या वैधता प्रमाणपत्राचे काम मात्र आजच हाती घ्यावे.

आपण विचारले नाही, तरी दुसरी बाब सांगणे आवश्यक वाटते. 1988 च्या धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायद्यानुसार धर्मस्थळाची जागा किंवा निधी राजकीय कामासाठी वापरता येत नाही आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्थेच्या उमेदवाराचा प्रचारही येतो. तेव्हा उपासनेनंतर पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) सहज म्हणून केलेले आवाहनदेखील टाळावे. संविधान सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि 1949 मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव त्यांनीच मांडला होता. आपणही मते मागाल ती गावकरी म्हणून मागा.

उत्तर ३ (नंदुरबार, मंडळीतील एक वडील)

वचनाचा अर्थ गुरुजींनी योग्य लावला, परंतु आम्हा वडिलांची भीती वचनाहून साधी आहे. आमच्या मंडळीतून मागे दोघे जण एकमेकांविरुद्ध उभे राहिले. निकाल एका दिवसात लागला, पण त्या दोन घरांनी त्यानंतर आजवर एकाच रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर व द्राक्षारस) घेतलेले नाही. कायद्याने परवानगी दिली, शास्त्राने दिली, तरी हे कोण सांधणार?

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. अर्ज भरण्यापूर्वी हिशेब तपासून घेऊन वही दुसऱ्याकडे सोपवीन आणि निकाल लागेपर्यंत उपासनेत सूचनाही वाचणार नाही. वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण माझ्यासमोर उभा राहणार आहे तो माझा चुलतभाऊच आहे आणि रविवारी आम्ही एकाच सतरंजीवर बसतो. अर्जाचा विचार नंतर. शनिवारी संध्याकाळी आधी त्याच्या घरी जाऊन येतो.