अंदमानी जाड वेत तोडल्यावर काळा का पडतो?

प्रश्न: दक्षिण अंदमानात परवान्यावर तोडलेला कॅलामस अंदमानिकस, सोलल्यावर जाडी साधारण ३० मिमी. सोलून सावलीत रास रचली. आठवड्यात निळे-काळे चट्टे, महिन्याभरात टोकांतून भुसा, शेंड्याकडचे तुकडे सुरकुतलेले. फर्निचरला वापरायचा आहे. काय बदलावं?

उत्तर १: तीन वेगळी दुखणी आहेत. चट्टे बुरशीचे. ओला वेत पिठूळ असतो, कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि राशीत हवा खेळत नाही म्हणून आतवर पसरते. आत गेलेला डाग घासून निघत नाही. भुसा पाडणारा भुंगा त्याच पिठावर जगतो. सुरकुत्या म्हणजे वेत कोवळा. ज्या भागावरची काटेरी आवरणं वाळून आपोआप गळलीत तेवढाच पक्व. वरचे हिरव्या आवरणातले काही मीटर तिथेच सोडा.

जाड वेत तेलात शिजवावाच लागतो. तोडल्यापासून एक-दोन दिवसांत, डिझेल किंवा रॉकेलमध्ये दहावा हिस्सा खोबरेल घालून, साधारण अर्धा तास. पाण्याचे बुडबुडे मंदावले की काढा. गरम असतानाच लाकडाच्या भुशाने किंवा गोणपाटाने घासा, म्हणजे डिंक-मेण निघतं. मग उभा करून वाळवा, आडवा रचू नका. भट्टी उघड्यावर, कढईखालची ज्योत तेलापर्यंत पोचणार नाही अशी. इथे हयगय अजिबात नको.

उत्तर २: एक जोडतो. १८ मिमीपेक्षा बारीक वेताला तेल सहसा देत नाहीत. त्याला १०० लिटर पाण्यात अडीच किलो बोरॅक्स, अडीच किलो बोरिक ॲसिड. बुडवून ठेवा, मग वाळवा. गंधकाच्या धुरीने रंग उजळतो, पण भुंग्यापासून कायमचं संरक्षण मिळत नाही. पावसाळ्यात तोड टाळलेली बरी, वाळायला ऊनच मिळत नाही.

उत्तर ३: वेल ओढताना सांभाळा. पानाच्या शेंड्याला लांब चाबूक असतो, त्यावरचे आकडे मागे वळलेले. त्याच्याच जोरावर वेल झाडांवर चढतो, म्हणून खालून नुसता हिसका दिला की फांदीसकट अंगावर येतो. आधी बुंधा कापा, मग थोडा-थोडा ओढा, मोकळा होईल तसे ३-४ मीटरचे तुकडे करा. काटे आवरणावर असतात, आतली कांडी गुळगुळीत. आवरण कोयत्याच्या पाठीने ठेचून काढा, धारेने सोललं तर सालीवर ओरखडे उठतात आणि बुरशीला तिथूनच वाट मिळते. आणि कापण्याआधी बुंधा पाहा: एकच खोड असेल तर ते पुन्हा फुटत नाही, तेव्हा फळं धरणारे काही वेल बियाण्यासाठी राखा.