मदत हवी आहे: ३०२ सोबत ३९२ असेल तर फर्लो मिळतो का? (वडोदरा)

रावपुरा_ताई:
वडोदरा मध्यवर्ती कारागृहातल्या एका बंद्याच्या आईसाठी विचारतेय. जन्मठेप, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ (खून). सोबत ३९२ची (जबरी चोरी) सात वर्षं, दोन्ही एकत्र भोगायची. निकाल २०१७चा. फर्लोचा (ठराविक कैद भोगल्यावर मिळणाऱ्या रजेचा) अर्ज फेटाळला, कारण एका ओळीत: 'नियम ४(२)'. त्याच बराकीतला नुसत्या ३०२चा बंदी घरी जाऊन येतो. या माउलीला काय सांगू? चौदा वर्षांनी तरी सुटकेचा विचार होईल का?

सुरसागर:
ताई, कारण खरंच ३९२ आहे. इथे १९५९चे मुंबई फर्लो-पॅरोल नियमच लागतात. नियम ४ मध्ये फर्लोला अपात्र कोण याची यादी आहे: ३९२ ते ४०२ म्हणजे जबरी चोरी-दरोडा, दारूबंदी कायद्याचे गुन्हे, सराईत गुन्हेगार, आणि पळालेले किंवा रजेवरून उशिरा परतलेले. खून त्या यादीत नाही. विचित्र वाटेल, पण नियम असाच आहे. नुसत्या जन्मठेपेला दर दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेमागे दोन आठवडे, सात वर्षांनंतर दरवर्षी.

३९२ची सात वर्षं भोगून संपली असतील तर 'आता फक्त ३०२ उरलंय' हा मुद्दा वकिलाने उच्च न्यायालयात जरूर मांडावा. पण नियमाची भाषा 'दोषी ठरलेला' अशी आहे, म्हणून आईला फार आशा लावू नका.

दांडियाबाजार:
फर्लोचं दार बंद म्हणजे पॅरोलचंही बंद, असं नाही. पॅरोल नियम १९ खाली, कारण दाखवून: गंभीर आजार, मृत्यू, लग्न. (महाराष्ट्रात फर्लोला संचित रजा, पॅरोलला अभिवचन रजा म्हणतात.) अर्ज अडतो तो कागदांत. दवाखान्याच्या पत्रावर शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. नुसतं 'बेड रेस्ट' चालत नाही. बंद्याने दिलेला पत्ता आणि जामीनदाराच्या आधारवरचा पत्ता जुळतोय ना ते बघा. पोलीस चौकशीला येतील तेव्हा घरात कुणीतरी असायलाच हवं; कुलूप दिसलं की अभिप्राय विरोधात जातो. एक दिवसही उशिरा हजर होऊ देऊ नका.

रावपुरा_ताई:
आणि चौदा वर्षं?

सुरसागर:
तो वेगळा हिशेब. खुनाच्या जन्मठेपेत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-क (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५) प्रमाणे प्रत्यक्ष चौदा वर्षं. तुरुंगात मिळालेली माफी (शिक्षेतली सूट) त्यात धरत नाहीत. पॅरोलचे दिवसही वजा होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गोव्याच्या प्रकरणात सांगितलं. फर्लो मात्र शिक्षेत मोजला जातो. म्हणून पॅरोल गरजेपुरताच घ्या.

मुदतपूर्व सुटकेचं धोरण शिक्षेच्या तारखेचं लागतं (सर्वोच्च न्यायालयाचा जगदीश निकाल, २०१०), म्हणजे इथे गुजरातचं २०१४चं. त्यात बलात्कारासह खुनाला माफी नाही. जबरी चोरीसह खुनाबाबत त्यात काय आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. चौदा भरली की सुटका आपोआप होत नाही, फक्त फाइल हलू शकते, आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं. खटला इंदूरला चालला असता तर निर्णय मध्य प्रदेश सरकारचा, तुरुंग वडोदऱ्यात असला तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२४च्या बिल्किस बानो निकालात (गुजरातने दिलेली सुटका रद्द झाली तो) हे स्पष्ट झालंय.

दांडियाबाजार:
आधी कारागृहातून जेल रिमार्क शीट मागवा. भोगलेले दिवस, पॅरोल, उशिराच्या नोंदी सगळं त्यावर असतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या.