मदत हवी आहे : घरातलं उर्दू हस्तलिखित – कलीला-दिमनाचं कोणतं भाषांतर?

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ गाव नांदेडकडचं. पणजोबा निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते, त्यामुळे घरात मोडीबरोबर उर्दू कागदही बरेच. त्यांच्या ट्रंकेत बासनात बांधलेलं एक जाडजूड उर्दू हस्तलिखित मिळालं. मजकूर काळ्या शाईत, आणि प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर लाल शाईत ‘हिकायत’ (म्हणजे गोष्ट). सुरुवातीची पानं आणि शेवटचं पान नाही, म्हणजे नकल करणाऱ्याचं नाव, हिजरी साल, सगळंच गेलं.

उर्दू वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी काही पानं वाचून दाखवली. राजा दाबिशलीम, त्याला उपदेश करणारा ब्राह्मण बिदपाय, आणि कलीला-दिमना ही कोल्ह्यांची जोडी. आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनकच! पण पंचतंत्रात दमनक बैलाचा काटा काढून सहीसलामत सुटतो. इथे दिमनावर खटला चालतो, साक्षी होतात, शिक्षा होते. हे प्रकरण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने या गोष्टी अरबीत आणताना घातलं. चुगलीवर विसंबून निरपराधाला मारणाऱ्या सिंहाला नंतर न्यायाला बसावं लागतं. राज्यकर्त्यांसाठीच्या पुस्तकात हे यायलाच हवं होतं, असं मला फार वाटतं.

आता अडचण. माझ्या माहितीत तीन शक्यता आहेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या हफीजुद्दीन अहमदचं ‘खिरद अफरोज’, जे अबुल फजलच्या फारसी ‘इयार-ए-दानिश’वरून केलं आहे. फकीर मुहम्मद खान ‘गोया’चं ‘बोस्तान-ए-हिकमत’. आणि विजापूरच्या मुहम्मद इब्राहीमचं दख्खनी, म्हणजे दक्षिणेतल्या उर्दूतलं, भाषांतर. शेवटची दोन्ही काशिफीच्या ‘अन्वार-ए-सुहैली’ या फारसी पुस्तकावरून. काशिफीने वगळलेलं, या गोष्टी हिंदुस्थानातून इराणात नेणाऱ्या हकीम बुरझूयाचं प्रकरण अबुल फजलने परत घेतलं, तेव्हा ते सापडलं तर ‘खिरद अफरोज’. आमच्या पानांत मात्र ‘नको’ आणि शब्दाला जोडलेला ‘च’ वरचेवर येतो, म्हणून मला दख्खनीचा दाट संशय आहे.

शिवण सुटून पानांचा क्रम बिघडलाय आणि पानांवर आकडे नाहीत. उजव्या हाताच्या पानाखाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला आहे, त्यावरून लावतो आहे. पण कडा कसरीने खाल्ल्यात आणि तेच शब्द गेलेत. छापील दख्खनी प्रत किंवा तिचं स्कॅन कुणाकडे आहे का? ताडून पाहता येईल.

एका बाइंडरने लॅमिनेशन सुचवलं, ते करणार नाही. मराठवाड्यात किंवा हैदराबादेत जुन्या कागदाची डागडुजी करणारं खात्रीचं कुणी आहे का? सालारजंग संग्रहालयात किंवा इदारा-ए-अदबियात-ए-उर्दूमध्ये हस्तलिखित दाखवण्याचा कुणाला अनुभव असेल तर आधी काय पत्रव्यवहार करावा लागतो तेही सांगा.

विकायचं नाही, कृपया किमतीचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत. फोटो हवे असतील त्यांना पाठवतो.