खुनी कोण ते सांगू नका, कुठे दचकलात ते सांगा

माडीवरची:
काल रात्री धो धो पाऊस, लाइट गेलेली आणि न्हाणीघराचं दार आपसूक करकरलं. झालं, १९६९चा 'इत्तेफाक' आठवला. आमच्याकडे शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे निम्मी चाळ आमच्या खोलीत. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना नंदाच्या घरात शिरतो. एकच रात्र, बहुतेक सगळं त्या एका घरात, गाणं एकही नाही. तो बाथरूममध्ये बघतो तर प्रेत. पुन्हा बघावं तर काहीच नाही! खोलीत हूं की चूं नाही. आजी वाती वळत होती, तिचा हात तसाच मांडीवर थांबलेला. पुढे महिनाभर मी रात्री बाबांना उठवून न्यायचे. (संडास गॅलरीच्या टोकाला, समजून घ्या.) लिहा तुमचंही. खुनी फोडायचा नाही, घरात पोरं अजून बघायची आहेत.

घाईत_आहे:
गुमनाम. तो बाईचा गाण्याचा आवाज येतो ना, तेव्हा पाय पलंगावर. अजूनही घेतो. बस आली, उरलेलं नंतर

फोडणी:
आमच्याकडे ऐन वेळी कुकर. आई "तीन झाल्या का गं" म्हणत आत गेली, बाहेर आली तोवर सगळा उलगडा होऊन गेलेला. तिला आजतागायत वाटतं की खून इन्स्पेक्टरनेच केला. आम्हीही सांगितलं नाही.

चहाबाज:
फोडणीताई, तीन शिट्ट्यांत तूरडाळ होते? आमची पाच घेते, तरी कच्ची.

फोडणी:
अर्धा तास भिजवा हो आधी. नि थोडं तेल, हिंग.

विंगेतला:
'इत्तेफाक' आला तोच मुळी 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून, म्हणून तर कोंडल्यासारखं होतं. पात्रांना बाहेर जायची सोय नाही, मग आपल्याला कुठली? मी बरीच वर्षं नाटकांना लाइट दिले. एका रहस्यनाटकात दुसऱ्या अंकाला किंकाळी नि ब्लॅकआउट. दिग्दर्शकाची सूचना एवढीच, "कुणीतरी खोकेपर्यंत लाइट आणू नकोस." खोकला आला की प्रेक्षकांचा दम संपला, मग डिमर हळूहळू वर. एका प्रयोगाला मेलं कुणी खोकेचना. स्टेजवर प्रेत झालेला नट अंधारात कुजबुजत शिव्या घालतोय. शेवटी मीच खोकलो.
हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला द्यायचा. एकदम फुटला तर पंधरा सेकंद दचकाल. आधी दाखवला आणि वरती माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. मला त्यातल्या गप्पाच जास्त आवडतात. उठा की रे आता, असं होतं.

लेकुरवाळी:
आमच्या आत्याचा हिशेब साधा. नट मोठा, काम बारीक, म्हणजे तोच. पाट्या पडतानाच बोट दाखवून मोकळी व्हायची. दहात सात वेळा बरोबर. तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही.

रांगेतला:
तीनच्या खेळातून बाहेर पडताना माझ्या चुलतभावाने सहाच्या रांगेसमोर खुन्याचं नाव ठणाणा ओरडून सांगितलं. मार मी खाल्ला. तो उंच होता.

जुनं_ते:
सगळे हिंदीच का? राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४चा, त्यावरूनच १९६६ला 'मेरा साया' निघाला. बायको वारल्यावर हुबेहूब तीच बाई कोर्टात उभी, म्हणते मीच ती. मग नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टी एकेक सांगत जाते, आणि खऱ्या निघतात! दर गोष्टीला वाटतं आता सुटलं, तर गाठ आणखी घट्ट. आमच्या आईने मध्येच बाबांना विचारलं होतं, "तुम्ही ओळखाल ना मला?" बाबा म्हणाले, "थांब, बघू दे."

माडीवरची:
"थांब, बघू दे" काय! माझ्या घरी आज भांडण होणार.

घाईत_आहे:
उतरलो. हां, तर गुमनाममध्ये मेहमूद 'हम काले हैं तो क्या हुआ' करत नाचतो. लहानपणी राग यायचा, इथे माणसं मरतायत नि हा नाचतोय. आता वाटतं बेरकी लोक, आपल्याला पाय खाली सोडायला लावतात. मी सोडले नाहीत.

लेकुरवाळी:
पाय वर घेऊन नेमकं काय वाचतं पण?

घाईत_आहे:
पाय.

चहाबाज:
भिजवून लावली. तीन शिट्ट्यांत झाली हो!