मदत हवी आहे : अंदमानच्या सहलीची भरपाई कशी मागावी?
नमस्कार. आम्ही नवरा-बायको नाशिकहून अंदमानला गेलो असताना स्वराज द्वीपाहून (पूर्वीचे हॅवलॉक) परतीची बोट खवळलेल्या समुद्रामुळे रद्द झाली, पुढचे विमान चुकले आणि नवी तिकिटे चढ्या भावाने काढावी लागली. त्यातच प्रवाळावर घासून पत्नीची टाच फाटली; जखम अजून ओलीच आहे आणि मला खरी काळजी तिचीच आहे. समुद्रापुढे कोणाचे चालत नाही, हे मान्य. परंतु अशा वेळी मुक्कामाची सोय करू, असे लेखी देणाऱ्या सहल कंपनीने फोनही उचलला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाण्याआधी बोट रद्द झाल्याचा लेखी पुरावा कोणाकडून मिळवावा? आणि अशा जखमेसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे की शल्यचिकित्सकांकडे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.