बचत गटाची सहल : पैसा गटाचा की जिचा तिचा?

(सहा जणांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

रोकडवही

संक्रांत सरली की गावोगावच्या बचत गटांत विषय निघतो, यंदा सहल कुठे न्यायची. ठिकाण पटकन ठरतं. बैठक अडते ती खर्चावर. गटाच्या खात्यातून करायचा, की जिचा तिने द्यायचा?

माझं मत आधीच सांगते. वर्षातून एकदा सहल झालीच पाहिजे. पण गटाच्या बचतीतला किंवा व्याजातला एक रुपयाही तिच्यावर जाऊ नये. फिरता निधी आणि ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, आलेला समुदाय गुंतवणूक निधी यांचा तर प्रश्नच नाही, तो पैसा कर्ज म्हणून फिरवण्यासाठीच मिळतो.

हिशेब मांडून बघा. पंधरा जणी, दरमहा १०० रुपये बचत, म्हणजे वर्षाचे १८,०००. सहलीला १२,००० काढले तर वर्षाच्या बचतीचे तीनातले दोन भाग गेले. तेच पैसे महिना दोन टक्क्यांनी अंतर्गत कर्जात, म्हणजे सभासदांनाच दिलेल्या कर्जात, राहिले असते तर वर्षाला २,८८० रुपये व्याज आलं असतं. व्याज बुडालं हे एक वेळ सोसता येईल, वेळेचं काय? सहल निघते फेब्रुवारीत आणि कर्जाची खरी मागणी असते जूनमध्ये, बियाणं-खत आणि शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो तेव्हा. चार महिन्यांत खड्डा भरत नाही. मग जिचा अर्ज मागे ठेवला जातो, ती गटापेक्षा महाग कर्ज काढायला बाहेर जाते. गट तिच्यासाठीच उभा केलेला असतो ना?

शिवाय पंधरांपैकी तीन-चार जणींना येता येत नाही. घरी दुभतं जनावर, अंथरुणाला खिळलेलं माणूस, नाहीतर बुडणारी मजुरी. व्याजात त्यांचाही वाटा आहे. जिची सर्वांत जास्त ओढाताण, तिच्याच वाट्यातून बाकीच्यांनी फिरून यायचं हे मला पटत नाही.

म्हणून वेगळा सहल निधी. दर आठवड्याच्या बैठकीत दहा रुपये. बावन्न आठवड्यांत प्रत्येकीचे ५२०, गटाचे ७,८००. हा पैसा बचतीच्या रकान्यात कधीही लिहायचा नाही, त्याला स्वतंत्र पान. बचतीत मिसळला की पासबुकावर बचत फुगलेली दिसते, सहलीनंतर ती एकदम खाली येते, खातेवही आणि पासबुक जुळत नाहीत आणि बँक कर्जाच्या वेळी नेमकं तेच पान काढून बसते. जी येणार नाही किंवा गट सोडेल, तिचे पैसे पूर्ण परत.

झिम्मा

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही.

गट पंचसूत्रीवर चालतो असं आपण म्हणतो : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. त्यात बैठक पहिली का? बाया एकत्र बसल्या नाहीत तर पुढची चार सूत्रं कागदावरच राहतात. गट जुना झाला की बचत पोरीच्या हातून पाठवली जाते, सह्या नंतर घेतल्या जातात, बैठकीला सहा-सात जणी उरतात. तिथून परतफेड थकायला लागते. सोबत प्रवास केलेल्या, एका ताटात जेवलेल्या बाया एकमेकींचा हप्ता सहजासहजी थकू देत नाहीत. तेव्हा सहलीचा खर्च हा गट टिकवण्याचा खर्च आहे, आणि तो गटाच्या व्याजातूनच झाला पाहिजे.

तुमच्या दहा रुपयांचं दुखणं वेगळंच आहे. ५२० रुपये शिक्षिकेच्या घरातून सहज निघतात. रोजंदारीवर जाणारीचे ते दोन दिवसांचे कष्ट, वर सहलीच्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. ती पाचव्या आठवड्यालाच ‘माझं नाव नका धरू’ म्हणते. वर्गणी सगळ्यांना सारखी असली तरी तिचा भार सारखा पडत नाही. खर्च व्याजातून झाला तर कुणाला कुणापुढे ‘मला जमत नाही’ म्हणावं लागत नाही.

मर्यादा जरूर घाला. वर्षभरात आलेल्या व्याजाच्या दहा टक्क्यांवर नको, आणि ठराव सर्वानुमते, न येणाऱ्यांच्या सहीसकट.

रोकडवही

न येणाऱ्यांची सही कशी घेतली जाते हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. चौदा जणी ‘हो’ म्हणून बसल्यावर पंधरावी ‘नाही’ म्हणत नाही. त्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

आणि दहा टक्क्यांत भागणार किती? गटाची वर्षभर सरासरी ६०,००० रुपयांची कर्जं बाहेर असतील तर दोन टक्क्यांनी व्याज १४,४००. त्याचे दहा टक्के १,४४०. पंधरा जणींत वाटले तर शहाण्णव रुपये. तेवढ्यात सहल बसत नाही, मग पुढच्या वर्षी पंधरा टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी पंचवीस होतात. मर्यादा अशाच सरकतात.

मजुरी करणाऱ्या बाईबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. त्याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

धारेची वेळ

तुम्ही दोघी पैशावर भांडताय, पण कोण येणार हे पैशाच्या आधी वेळ ठरवते.

गाय-म्हैस असलेल्या घरात पहाटेची धार काढून साडेसहा-सातला दूध डेअरीवर जातं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. सहल पहाटे चारला निघून रात्री अकराला परत येणार असेल तर ही बाई कुठल्याही निधीतून येऊ शकत नाही. सकाळी आठला निघा, साडेपाचपर्यंत परत या. म्हणजे एका बाजूला फार तर दोन-अडीच तासांचा प्रवास आणि एकच मुख्य ठिकाण. पाच ठिकाणांची यादी केली की प्रत्येक ठिकाणी अर्धा तास उशीर होतो आणि शेवटचं ठिकाण अंधारात उरकावं लागतं.

तारखेचंही तेच. सोयाबीनच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर विसरा. ज्वारीच्या भागात काढणी सुरू झाली की फेब्रुवारी-मार्चही गेले. भातवाल्या गावात लावणीचा महिना नाही. गावचा बाजार, लग्नाच्या दाट तिथी, परीक्षा टाळा. ज्यांची मजुरी बुडते त्यांच्यासाठी तारीख किमान महिनाभर आधी पक्की हवी, म्हणजे त्या टोळीतल्या कामाचे दिवस मागेपुढे करू शकतात. आठवडाभर आधी ठरलेली सहल ही फक्त सवड असलेल्यांची सहल होते.

गटात दुभती जनावरं जास्त असतील तर दोन तुकड्या करा. पहिली तुकडी गेली की दुसरीने तिच्या धारा काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. सगळ्या एकदम जात नाहीत हा तोटा आहे, पण कुणी कायमची मागे राहत नाही.

सारवलेलं अंगण

गावाबाहेर जायलाच हवं का? ज्या बाईला वेळ नाही, पैसा नाही, घरातून परवानगी नाही, तिला गावातला कार्यक्रम सोडून दुसरं काय परवडतं? भोंडला, मंगळागौरीचे खेळ, श्रावणातला झोका, वनभोजन. यात मजुरीवरून परतलेली बाईही रात्री आठला येऊन बसते. फुगडी, झिम्मा, पिंगा, काटवट कणा जुन्या बायांना येतात, नव्या सुना शिकतात. मातीच्या अंगणात आणि अनवाणीच खेळा. गुळगुळीत फरशीवर फुगडी घातली की पाय सरकतो आणि मनगट जातं. गुडघे दुखणाऱ्या बायांना गाण्याला आणि उखाण्याला बसवा, त्यांच्याशिवाय खेळाला रंग भरत नाही. खर्च म्हणाल तर खिरापतीचा.

झिम्मा

गावातले कार्यक्रम हवेतच, पण ते सहलीची जागा घेऊ शकत नाहीत. अंगणात खेळणारी बाई दर दहा मिनिटांनी घराकडे बघते. पोराने हाक मारली की उठते. गावाची वेस ओलांडल्यावर पहिल्यांदा ती दिवसभर कुणाची सून, कुणाची आई नसते. ते महत्त्वाचं नाही असं कुणी म्हणू नये.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू बरेच गट ‘गटाचा कार्यक्रम’ म्हणून करतात, आणि विधवा सभासद त्या दिवशी येत नाही. तिची बचत चालते, तिची सही चालते, मग वाण का चालत नाही? मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. गटाच्या नावाने कार्यक्रम करायचा तर तिळगूळ समारंभ करा, वाण प्रत्येकीला द्या आणि पहिलं तिच्या हातात ठेवा.

सारवलेलं अंगण

हळदीकुंकवाबद्दल पूर्ण सहमत. सहलीबद्दल नाही.

पिवळी पाटी

पैसे कुठूनही काढा, पण स्वस्तात म्हणून पिकअप, छोटा हत्ती किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीत बाया भरू नका. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतली तरी तोच धोका. पिवळी पाटी, काळी अक्षरं, प्रवासी परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि चालू विमा एवढं बघाच. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की बरंचसं दिसतं.

मालकाशी बोलताना हे कागदावर घ्या : भाडं किती किलोमीटरपर्यंत, पुढे प्रति किलोमीटर दर, पथकर, पार्किंग आणि चालक भत्ता कुणाचा, गाडी नादुरुस्त झाली तर दुसरी कोण देणार. भांडण नेहमी ‘वरच्या किलोमीटर’वरून होतं. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा नियम आहे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकाला पहाटे आपल्या सहलीला जुंपू नका.

सर्वांत स्वस्त मार्ग साधी एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, दोन्ही राज्याच्या हद्दीत. पूर्ण बस प्रासंगिक करारावर घेतली तर ते भाडं किलोमीटरने लागतं, त्यात आगारापासून गावापर्यंतचं आणि परतीचं अंतरही धरतात, म्हणून अर्ध्या तिकिटाचं गणित तिथे लावू नका. पंधरा-वीस जणींसाठी नेहमीच्या फेरीचं आरक्षण बरं पडतं. परतीची शेवटची गाडी कोणती हे मात्र आगारात विचारून घ्या, फलकावरच्या वेळेवर विसंबू नका.

रोकडवही

हे अर्ध्या तिकिटाचं पटलं. एसटीने जवळचं ठिकाण धरलं तर वर्गणी ५२० वरून निम्म्यावर येते. मग आठवड्याला पाच रुपये पुरतात, आणि ज्या बाईबद्दल झिम्मा बोलल्या तिलाही कदाचित जमेल.

शिदोरी

ठिकाणावर कुणी बोललं नाही. देवदर्शन की अभ्यास दौरा, हा वाद निरर्थक आहे, दोन्ही एका दिवसात बसतं. पुणे-सातारा महामार्गाजवळ, शिरवळच्या बाजूला, खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव आहे. तिथलं घर आणि स्मारक दोन तासांत नीट बघून होतं. फक्त ३ जानेवारीला, जयंतीच्या दिवशी, तुफान गर्दी असते. तो दिवस सोडा. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं तेव्हा पापड-मसाला करणाऱ्या गटांनी जावं, पण खरेदीला नव्हे. वेष्टनावर वजन, उत्पादनाची तारीख, एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवाना) क्रमांक कसा छापलाय, पाव किलोची पिशवी कितीला जाते, हे वहीत लिहून आणावं. शनिवार-रविवारी विकणाऱ्यांना बोलायला उसंत नसते.

आणि अष्टविनायक एका दिवसात करू नका. आठ स्थानं तीन जिल्ह्यांत आहेत, वर लेण्याद्रीच्या पायऱ्या. साठीच्या बायांचे गुडघे तिथेच बोलतात.

सगळ्यांत आधी शौचालयाची जागा ठरवा, मग देवळाची. दर दोन तासांनी थांबा. सोय नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते, उलट्या होतात. जेवणाला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पिठलं अगदी कोरडं. भात आणि ओल्या खोबऱ्याचं काहीही नको, डब्यात दुपारपर्यंत आंबतं. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा.

झिम्मा

ठीक, एवढ्यावर येऊ या. प्रवास सहल निधीतून, आठवड्याला पाच रुपये. पण जिला तेही जमत नाही तिचं तिकीट गटाच्या व्याजातून, आणि तिचं नाव ठरावात न लिहिता. ‘सहल सहाय्य, दोन तिकिटं’ एवढीच नोंद.

रोकडवही

नाव न लिहिता रोकडवहीत खर्च पडला तर लेखापरीक्षणात पावती कुणाच्या नावे दाखवायची? एसटीची तिकिटं एकत्र काढून गटाच्या नावाने चिकटवली तर चालेल असं वाटतं. पण व्याजातून, हे मला अजून मान्य नाही. त्या दोन तिकिटांचे पैसे बाकी तेरा जणींनी सहल निधीतून उचलावेत.