पहिली रायफल: क्रीडमूरवाल्यांनो, आधी पत्ता विचारा

मचाणावरून:
काल ‘पेनकर’ यांनी ठणकावून लिहिलं की हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची तर 6.5 क्रीडमूर काडतुसाची डोळे झाकून घ्या, वर 4-16x44 स्कोप (4 ते 16 पट मोठं दाखवणारी, 44 मिलिमीटर काचेची दुर्बीण) चढवा, हजार डॉलरांत काम फत्ते. खाली वाहवा. त्यात आमच्या ओहायोतल्या कोलंबसचा एक मुलगा, “दादा, शनिवारीच घेतो.” तेव्हा मात्र राहवलं नाही.

अहो, ओहायोत हरणावर क्रीडमूर चालतच नाही! इथे रायफलला तोंडापर्यंत सरळ नळकांडं असलेलंच काडतूस लागतं, .357 ते .50 इंच व्यासाचं. क्रीडमूर, .308, .30-06 ही सगळी गळा आवळलेली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मोसम सुरू होतो, तेव्हा पोरगं ती घेऊन मक्याच्या शेतात उतरलं असतं म्हणजे?

मी .350 लेजंड हे सरळ काडतूस वापरतो. रायफल रुगर अमेरिकन रँच, घेतली तेव्हा पाचशे डॉलरांच्या आसपास. दणका सौम्य. दीडशे यार्डांपर्यंत निर्धास्त, आणि ओढ्याकाठच्या झाडीत दीडशे यार्ड दिसतंय कुठे? माझी तीन हरणं पडली ती 40, 65 आणि 90 यार्डांवर.

स्कोप साधा 3-9x40. 16 पट कशाला, हरणाच्या पापण्या मोजायला? सूर्यास्तानंतर अर्धा तास मुभा असते आणि सावज नेमकं तेव्हाच बाहेर येतं. 44 ची काच 16 पटीवर डोळ्याकडे पावणेतीन मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत सोडते. 40 ची काच 4 पटीवर पूर्ण 10. जो पैसा वाचेल त्याच्या गोळ्या घ्या आणि रेंजवर उडवा. बंदूक चांगली आणि नेम भुक्कड, असले नग दरवर्षी बघतो.

पेनकर:
गुरुजी, माझ्या लेखाची पहिली ओळ “आमच्या पेनसिल्व्हेनियात” अशी होती. ती वाचली असती तर एवढं प्रवचन वाचलं असतं. इथे क्रीडमूर चालते, धावते, उड्या मारते. दणका .308 पेक्षा कमी, त्यामुळे नवखा माणूस चाप ओढताना डोळे मिटत नाही. गोळ्या कुठल्याही गावात मिळतात. तुमचं लेजंड मागितलं तर आमचा दुकानदार आधी चष्मा लावतो.

मचाणावरून:
पहिली ओळ वाचली. त्या मुलाच्या “शनिवारीच घेतो”खाली तुम्ही लावलेला बदामही पाहिला.

दीड_शहाणी:
“ओहायोला चालतं” एवढंच पाहून घेऊ नका हो. यजमानांच्या मित्रानं मोठ्या कौतुकानं जबर दणक्याची .450 बुशमास्टर हातात दिली. मी बाई डोळा काचेला चिकटवून चाप ओढला. स्कोपची कड थेट भुवईवर! रक्ताची चंद्रकोर. रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, “टिकली एवढी वर का गं?” डोळा आणि काच यांत तीन-साडेतीन इंच अंतर ठेवायचं असतं हे त्या भल्या माणसानं नंतर सांगितलं. आता मीही लेजंडवाली.

चिवडा_मध्यम:
तुम्ही सगळे हौशी श्रीमंत. चारशे-साडेचारशेत स्कोप चढवलेलीच रायफल खोक्यात मिळते. मी तीच घेतली, सहा मोसम झाले, फ्रीजर रिकामा नाही.

मचाणावरून:
माझीही पहिली तशीच, कंपनीचं नाव घेत नाही. दहा गोळ्या झाल्या तरी नेम गावभर. स्कोपच्या रिंगचे स्क्रू हातानं फिरत होते. घरी आणल्यावर आधी स्क्रू आवळा, मग 25 यार्डांवर कागद छेदा, मग 100 वर जा. तिथे गोळी इंचभर डावीकडे लागली तर स्कोपची खुंटी उजवीकडे चार टिकटिक फिरवा, बस.

चिवडा_मध्यम:
म्हणजे स्क्रू आवळता येत नव्हते. बंदुकीचा काय दोष?

नवा_पाहुणा:
कोलंबसचा मुलगा मीच. वाचवलंत. एक शंका, मी एच-वन व्हिसावर आहे. दुकानात गेलो तर चालेल ना?

एरंडाचं_गुऱ्हाळ:
अजिबात नाही!! बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यानं बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभं राहायचं आणि एका हरणापायी सगळं घालवायचं? इथले लोक बेजबाबदार सल्ले देतात. रांगेबद्दल तर बोलायलाच नको, माझी फाइल

मचाणावरून:
फाइल नंतर. कायद्यात अपवाद आहे. वैध शिकार परवाना असेल तर एच-वनवाल्यालाही बंदूक घेता येते. मी स्वतः तशीच घेतली. बंदूक खरेदीच्या 4473 फॉर्मवर अपवादाची खूण केली, परवान्याची प्रत जोडली. काउंटरवरच्या पोरानं आत-बाहेर तीन खेपा घातल्या, शेवटी मालकाला बोलावलं. दीड तास गेला, पण मिळाली.

एरंडाचं_गुऱ्हाळ:
तुम्ही वकील आहात का?

मचाणावरून:
नाही. तुम्ही?

एरंडाचं_गुऱ्हाळ:
नाही, पण डोकं आहे. परवाना असतो वर्षाचा. समजा संपला आणि नवा काढायचा राहिला. बंदूक कपाटातच आहे, तुम्ही वरणभात जेवताय, आणि त्या क्षणी गुन्हेगार. हे त्या पोराला कोण सांगणार?

पेनकर:
हा माणूस पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलला. तारीख लिहून ठेवतो.

मचाणावरून:
मान्य. हे मी लिहायला हवं होतं. मी स्वतः एकदा नूतनीकरण शेवटच्या दिवशी रात्री अकराला केलंय, हात थरथरत होते. नवा_पाहुणा, आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग व्हिसाचे कागद घेऊन वकिलाशी एकदा बोलणं, मग दुकान. या क्रमानं जा.

ठासणीवाला_कोकणी:
कसले फॉर्म घेऊन बसलात! आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. निकालानंतर आणायला गेलं की साहेब जागेवर नाहीत, उद्या या. तोवर डुकरांनी नाचणी साफ केलेली. 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद होत गेली, डुकरं मात्र चालू. आणि ओहायोत जानेवारीत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा मोसम ठेवलाय म्हणे! आजोबा असते तर विमानात बसले असते.

दीड_शहाणी:
आजोबांना स्कोप लागला असता का?

ठासणीवाला_कोकणी:
त्यांना चष्माही लागला नाही.

पेनकर:
लेखात “ओहायोवाले सोडून” अशी ओळ टाकली आहे. ठळक अक्षरांत. आता झोपा. 4-16 वर मात्र मी ठाम आहे. आमच्याकडे वीजवाहिन्यांखाली मोकळा पट्टा मिळतो, तीनशे यार्ड सरळ.

मचाणावरून:
आणि आजवर तीनशेवर किती पाडली?

पेनकर:
एक. सत्तर यार्डांवर.